टिपाडातलं पाणी

बुधवार, ९ मार्च २०१६
अंबाजोगाई

केशरआक्का,

जय भीम. हे पत्र मी आपखुशीनं लिहीत न्हाई, हे आधीच सांगून ठेवतो. इथल्या व्यसनमुक्ती केंद्रात नियम हाय. दाखल होऊन चौदा दिवस झाले की घरच्या एका माणसाला पत्र लिहायचं. आपल्या पिण्याचा सगळ्यात जास्त तरास ज्याला झाला त्याला. लिहिलं की आधी पंडित सर वाचणार, मग पाकीट बंद होणार. पंडित सर म्हंजे आमचे समुपदेशक. बारा वर्सांमागं ते स्वतः इथंच पेशंट व्हते, त्यामुळं त्यांना फसवायला गेलं की ते नुसतं हसतात. लई राग येतो त्या हसण्याचा.

"कुणाला लिहिता?" म्हणले. मालनचं नाव ओठावर आलतं. पण ती पोराला घेऊन माहेरी गेली त्याला दोन वर्सं झाली, ती पाकीट न फोडताच चुलीत घालंल. मग तुझं नाव सांगितलं. आई गेली तवापासून तूच माझी आई, हे काय लिहून सांगायला पाहिजे का?

अक्षर बघून घाबरू नको. हात अजून कापतो. पहिल्या आठ दिवसांचं तर मला धड काही आठवतच न्हाई. अंगावर मुंग्या चढतायत म्हणून मी चादर झटकत बसायचो. मुंग्या नव्हत्याच म्हणं. आता जरा बरं हाय. दारूची आठवण आली की तोंडात टाकायला लिमलेटच्या गोळ्या देतात. अडतीस वर्साचा बाप्या, दूध सोसायटीचा सचिव, गालात गोळी धरून बसतो. हस तू.

आता मुद्द्याचं. तू माझ्याशी बोलायचं सोडलं त्याला महिना होत आला. तुला वाटतं मी माझ्या सख्ख्या दाजीला बळी दिलं. अगं, मी फक्त झालं ते सांगितलं. आपल्या सोसायटीच्या चारा छावणीत अकरा फेब्रुवारीला सात जनावरं मेली, त्यात तुझ्या दोन गाया. युरिया कालवलेलं पाणी प्याली म्हणून मेली. ते पाणी सकाळी मी टिपाडात कालवलं, चारा कसदार व्हावा म्हणून कडब्याच्या कुट्टीवर शिंपडायला, दरवेळी कालवतो तसंच. तेवढ्यात लाईट गेली, कुट्टीचं मशीन बंद पडलं, आन पाणी टिपाडात तसंच राहिलं. मला सिरसाळ्याला काम व्हतं. जाताना मी दाजीला बजावून गेलो, "दाजी, ह्या टिपाडाला हात लावू नका, युरिया हाय यात." त्या दिवशी राखण दाजीची. मग ते पाणी हौदात गेलं कसं? चौकशी झाली तवा मी एवढंच बयान दिलं आन खाली सही केली. दाजी स्वतः सगळ्यांम्होरं म्हणले, "माझ्याकडून झालं." आता सांग, यात मी कावून दोषी?

मी पेलतो त्या दिवशी, हे कबूल. पण लई न्हाई.

जवसाची चटणी असली तर कुणाच्या हाती पाठव. इथल्या भाजीला मीठच नसतं.

तुझा जालिंदर


गुरुवार, १७ मार्च

आक्का,

चटणी मिळाली. पुडकं सोडलं, कागद उलटासुलटा करून बघितला, डब्याच्या झाकणात बघितलं. चिठ्ठी न्हाई. सातवी शिकलेली बाई तू, पाटीवर माझा हात धरून तूच मला 'ज' काढायला शिकवलं, आन तुला दोन ओळी लिहायला जड झालं? बरं. चटणी झाक झालीय. एवढं तरी कळलं की भाऊ उपाशी मरू नये असं वाटतं तुला.

मागच्या पत्रातल्या सगळ्या 'पण'भवती पंडित सरांनी लाल पेनानं गोल काढले आन म्हणले, "एवढे पण कशाला लागले तुम्हाला?" मी म्हणलो, मला काय ठाऊक, बोलताना येतात. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. साधाच. त्या प्रश्नानं चार दिवस माझं डोकं भंजाळलंय.

म्हणले, "तुम्ही दाजीला बजावलं. मग दाजी काय बोलले?"

मी म्हणलो, काय बोलणार, 'बरं' म्हणले असतील. "असतील का म्हणले?" आन आक्का, मला सांगता येईना. तुला तर माहीत हाय दाजीची तऱ्हा. त्यांना साधं 'पाणी द्या' म्हणलं तरी त्यावर दोन शब्द बोलल्याबगर राहवत न्हाई. मला तर ते मुद्दाम 'सचिवसायेब' म्हणून चिडवायचे. एवढी मोठी जिम्मेदारी मी सांगितली आन ते कायच बोलले न्हाईत? माझं बोलणं मला आठवतं, शब्दन् शब्द. दाजीचा आवाज आठवत न्हाई.

सुंदरराव चेअरमन परवा येऊन गेले. बिस्किटाचा पुडा आणलता. म्हणले, १७ एप्रिलला सोसायटीची सभा हाय. त्यात आश्रुबाचं, म्हंजे आपल्या दाजीचं, सभासदत्व रद्द करायचा ठराव येणार. छावणीतनं तुमची राहिलेली दावण उचलायची आन पुढं तुमचं दूध बी घ्यायचं न्हाई. मी म्हणलो, अहो, ह्या दुष्काळात ती दोघं उरलेली चार जनावरं नेतील कुठं? म्हणले, "लोक चिडलेत, जालिंदर. जानकीबाईची म्हैस गेली, तिच्या घरात दुसरं काय व्हतं? कुणावर तरी जिम्मा ठरवावाच लागतो. तू बरा होऊन ये, तुझं बयान पक्कं हाय, तुझ्या खुर्चीला धक्का न्हाई."

ते गेल्यावर मी पुडा फोडला न्हाई. का ते मलाच कळलं न्हाई.

पाण्याची इथं बी बोंब. आंघोळ तीन दिवसाला एक बादली. माझ्या खोलीत नवा माणूस आलाय, राधाकिशन, मांजरसुंब्याकडचा. एसटीत ड्रायव्हर व्हता, पिऊन ड्युटीवर गेला म्हणून निलंबित झाला. रात्रंदिवस बडबडतो.

जालिंदर


शुक्रवार, २५ मार्च

आक्का,

ह्या पत्राला तरी उत्तर दे. आता रुसवेफुगवे बाजूला ठेव. मला एक गोष्ट तुझ्याकडूनच कळणार हाय.

सरांनी मला कोरा कागद दिला आन म्हणले, छावणीचा नकाशा काढा. कोण कुठं व्हतं ते मांडा. मी काढला. लिंबाच्या झाडाखाली कुट्टीचं मशीन. त्याच्याजवळ निळं टिपाड. पलीकडं हौद, कोरडा ठणठणीत, कारण दोन दिवस टँकर आला नव्हता. हौदाच्या अंगाला तुमची दावण, मग जानकीबाईची म्हैस. एकेकाचं नाव लिहीत गेलो. दाजीचं नाव लिहायची पाळी आली आन पेन थांबला. डोळे मिटले की एकदा दाजी मशीनपाशी उभे दिसतात. एकदा पाठमोरे. एकदा तर सिरसाळ्याच्या दुकानात माझ्या बाकड्यावर बसलेले दिसतात, आन दाजी तर दारूच्या दुकानाची पायरी चढलेले न्हाईत जन्मात. तिन्ही खरं वाटतं. आक्का, माणसाला एवढी साधी गोष्ट कशी आठवू नये? कुणी माझ्या डोक्यात हात घालून भांडीकुंडी इकडची तिकडं केलीयत असं वाटतं.

सरांना म्हणलो, माझं डोकं फिरलं. ते म्हणले, फिरलेलं आता जागेवर येतंय, म्हणून दुखतंय.

तू त्या दिवशी तिथंच व्हतीस. दुपारची भाकरी घेऊन आलतीस, मी गाडीवर निघालो तवा तू वाटेत भेटलीस. मी तुला हात केला, तू तोंड फिरवलंस, कारण तुला लांबूनच वास आला असंल. एवढं मला पक्कं आठवतं. मग पुढचं तू बघितलं असणार. सांग ना, दाजी कुठं व्हते? मी त्यांच्याशी बोललो का? त्यांनी तुला काही सांगितलं का?

आन दुसरं. मला दाजीचंच नवल वाटतं. पाणी ओतलं कावून त्यांनी? वास घेऊन बघायचा. बोट बुडवून चाखायचं. इतकी वर्सं जनावरं सांभाळलेलं माणूस! मान्य, त्या दिवसांत पाणी कुणी टाकून देत नव्हतं. भांडी विसळलेलं पाणी सुद्धा आपण म्हशीला ठेवायचो, आन अर्धं टिपाड भरून पाणी दिसल्यावर कुणाला बी वाटंल की जनावरांच्या तोंडाला लावावं. तरी विचारायचं तर! ज्यानं ते ओतलं त्यानं एकदा तरी इचार करायचा.

हे मी रागानं लिहिलं. खोडणार व्हतो. सर म्हणले, राहू द्या.

उत्तर दे.

जालिंदर


रविवार, ३ एप्रिल

आक्का,

आठ दिवस झाले, तुझं उत्तर न्हाई. आता नको देऊ. मला कळलंय.

परवा सकाळी राधाकिशनला लई तरास झाला. तसा त्यो येऊन तिसरा आठवडा, पण मधी चोरून आणून पेलता, सापडला, आन परत पहिल्यापासनं सुरुवात. व्हरांड्यात तारेवर एक टॉवेल वाळत घातलता. राधाकिशन त्या टॉवेलम्होरं कमरेवर हात ठेवून उभा. म्हणतो, "काय बे कंडक्टर, किती येळ झाला घंटी मारायला? मागलं दार लाव. म्हातारी लोंबकळतीय, दिसत न्हाई का?" टॉवेल वाऱ्यानं हलला. तर ह्यो समाधानानं म्हणला, "हां, आता कसं!" आन खोलीत जाऊन झोपला. काम झालं त्याचं. म्हातारी वाचली.

सगळे पोट धरधरून हसले. मी सगळ्यात जास्त हसलो. हसता हसता मी तिथंच फरशीवर बसलो.

आक्का, मी दाजीला सांगितलं न्हाई. मी दाजीच्या सदऱ्याला सांगितलं.

कुट्टीची धूळ बसती म्हणून दाजी सदरा काढून मशीनच्या खांबाला अडकवतात आन खांबाच्या टोकावर टोपी ठेवतात. तू शंभर वेळा ओरडलीस त्यांना, की लांबून माणूस उभा असल्यावाणी दिसतं, बायका बिचकतात. त्या दिवशी मी सकाळीच पाऊण बाटली संपवलती. 'लई न्हाई' असं लिहिलं ते खोटं. युरियाची पोती मी कशी फोडली, पाणी कसं कालवलं, हात आपोआप करत व्हते. निघताना मी त्या खांबापाशी गेलो. "दाजी, ह्या टिपाडाला हात लावू नका." सगळं बोललो, शब्दन् शब्द, ते मला आठवतं ते खरंच हाय. मग मी प्रेमानं दाजीच्या खांद्यावर हात ठेवला. सदरा खाली पडला. मला वाटलं दाजी खाली बसले. मी म्हणलो, "बसा बसा, दाजी, उन्हाचं उभं राहू नका."

आन गाडीला किक मारली.

तुला हसू येतंय का? मला बी आधी आलं.

टिपाडावर झाकण न्हाई. युरिया कालवला की बाहेरून गेरूची फुली मारायची असा नियम, त्यो नियम मीच सोसायटीत केलेला. फुली बी न्हाई. आन चौकशीत मी छाती काढून सांगतो की मी बजावलतं! बयान देतानाही मी दोन घोट मारूनच गेलतो, हात कापू नये म्हणून. तवा मला हे ठाऊक व्हतं का, असं सरांनी विचारलं. न्हाई, ठाऊक नव्हतं. कायतरी खटकत व्हतं, आन मी तिकडं बघितलं न्हाई. आता हे ठाऊक असण्यात आन नसण्यात काय फरक, मला कळत न्हाई.

लाज वाटती आक्का. दुसरा शब्द न्हाई.

सोसायटीला आजच पत्र लिहिलं. माझं बयान खोटं, टिपाडाची जिम्मेदारी माझी, आश्रुबाला कुणीच सांगितलेलं नव्हतं. सदऱ्याचं सुद्धा लिहिलं. सर म्हणले, नोकरी जाईल. मी म्हणलो, जाऊ दे. म्हणलो खरं, मग रात्रभर पगाराचा हिशेब करत बसलो.

जालिंदर


गुरुवार, १४ एप्रिल

आक्का,

आज जयंती. इथं बाबासाहेबांच्या फोटोला कागदाच्या फुलांचा हार घातला, कारण आख्ख्या अंबाजोगाईत ताजी फुलं धड मिळंनात. सर म्हणले, तुम्ही दोन शब्द बोला. मी उभा राहिलो, आन मागच्या सालची जयंती डोळ्यापुढं आली. पिऊन स्टेजवर गेलो, माईक धरला आन माईकसकट खाली पोरांच्या अंगावर पडलो. तू येऊन मला उचललंस. आज नुसतं जय भीम म्हणलो आन खाली बसलो.

आता ऐक, घोडं कुठं पेंड खातंय ते. सुंदररावांचा केंद्रात फोन आला. माझं पत्र पोचलं, पण कुणी खरं धरायला तयार न्हाई. म्हणतात, बहिणीनं रडून लिहून घेतलं. सदऱ्याला सांगितलं म्हणं! असली गोष्ट शुद्धीतला माणूस लिहील का? दारुड्याच्या पत्रावर ठराव मागं घेता येत न्हाई.

काय म्हणावं याला, सांग. मी झिंगलेला असताना खोटं बोललो, ते सहीशिक्क्यासकट पक्कं बयान झालं. एकावन्न दिवस थेंब न घेता खरं लिहिलं, तर मी दारुडा. डोकं आपटून घ्यावं वाटलं.

मी स्वतः सभेत हाजीर राहिलो तर ऐकतील, एवढं सुंदररावांनी कबूल केलं. सर एका दिवसाची परवानगी देतात. पण न्यायला घरचं माणूस आलं पाहिजे, रजिस्टरवर त्याची सही पाहिजे, आन संध्याकाळच्या आत त्यानंच आणून सोडलं पाहिजे. घरचं माणूस मला तुझ्याशिवाय कोण हाय?

खरं सांगू? मला सभेची भीती न्हाई तेवढी सिरसाळ्याच्या स्टँडची हाय. बस थांबती तिथून दुकान पन्नास पावलांवर. तिथं उतरून सरळ पुढं जाणं मला जमंल का, मला सांगता येत न्हाई. काल स्वप्नात मी सभेत बोलायला उभा, आन तोंडाला वास. सगळे म्हणतायत, बघा. मी सांगतोय की मी पेलो न्हाई, आन मलाच कळंना पेलो का न्हाई.

मला एकट्याला सोडू नको. रविवारी सकाळी साडेसातची गाडी गाठायचीय. माझ्याशी बोलू नको तू, शिव्या बी देऊ नको, नुसती सही कर आन मनगट धरून घेऊन चल. सभा झाली की परत इथं आणून टाक. तुमची दावण छावणीत राहिली पाहिजे, एवढंच मला पाहिजे.

जालिंदर


सोमवार, १८ एप्रिल, सकाळ

आक्का,

हे पत्र पंडित सरांनी वाचलेलं न्हाई. मी हात जोडून म्हणलो, सर, एवढं एक सोडा. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आन कोरं पाकीट दिलं. दाजीच्या हाती देतोय. काल परतायला उशीर झाला, गाडी नव्हती, म्हणून दाजी इथंच व्हरांड्यात झोपले. आता बाहेर चहा पितायत. नऊच्या गाडीनं निघतील.

काल सकाळी फाटकावर तुझी वाट बघत व्हतो. आले दाजी. ज्याच्यावर मी आळ घातला त्यो माणूस मला न्यायला आला, रजिस्टरवर माझ्या नावाम्होरं सही केली, नात्याच्या रकान्यात 'मेव्हणा' लिहिलं. मला म्हणले, "चला, सचिवसायेब." सिरसाळ्याला उतरल्यावर त्यांनी खरंच माझं मनगट धरलं, बाजारातून लेकराला न्यावं तसं, आन गावापर्यंत सोडलं न्हाई.

सभेचं तुला काय सांगू, तू मागं बायकांत बसलीस. मी सदऱ्याचं सांगितलं तवा किती जोरात हसली माणसं! कुणीतरी ओरडलं, "टोपी काय म्हणली?" मी म्हणलो, टोपी बी काही बोलली न्हाई, म्हणून तर मी फसलो. मग हसणं थांबलं. जानकीबाई उठल्या, म्हणल्या, "माझी म्हैस मेली, आन तू 'बसा बसा' म्हणत व्हतास." मी त्यांच्याम्होरं हात जोडले. माझी खुर्ची गेली, ठराव मागं घेतला, तुमची दावण राहिली. मी बायकांकडं बघितलं. सगळ्या माझ्याकडं बघत व्हत्या, तू एकटी मान खाली घालून पदर चावत बसलीस. मला वाटलं, एवढं केलं तरी हिचा राग जाईना. मला तुझाच राग आला आक्का, खरं सांगतो.

परत येताना बसमधी मी दाजीला विचारलं. म्हणलो, दाजी, मी सांगितलं न्हाई ते न्हाईच, पण पाणी हौदात ओतताना तुमाला वास कसा आला न्हाई? दाजी खिडकीकडं वळले. मग म्हणले, "मी तिथं नव्हतोच. टँकर आला का बघायला बनियनवरच फाट्यावर गेलतो. गाया हंबरत व्हत्या. केशरला ऐकवंना."

बस. एवढंच बोलले.

मला आधी कळलंच न्हाई. नुसतं ऐकलं. मग एकदम कळलं, आन मी दाजीच्या मांडीवर डोकं ठेवून बसमधी रडलो. कंडक्टर म्हणला, पेला का काय ह्यो? दाजी म्हणले, न्हाई, सोडलीय त्यानं.

मी तुला काय काय लिहिलं ते मला आठवतंय, आता सगळं आठवतं. 'ज्यानं ओतलं त्यानं इचार करायचा', असं मी तुला लिहिलं. तू ते वाचलंस आन घडी घालून ठेवलंस. आन मी म्हणतोय उत्तर दे, उत्तर दे. तू रुसलीस असं समजत व्हतो मी. माझ्यासारखा गाढव साऱ्या मराठवाड्यात न्हाई.

दाजीला म्हणलो, मला कळलंय हे आक्काला सांगू का? म्हणले, "सांग. दोन महिने झाले, धड झोपली न्हाई. हौदाकडं जात न्हाई. माझ्या हातानं गेल्या म्हणती. मी माझ्यावर घेतलं तरी तिच्या मनातनं जाईना. मी किती बी समजावलं तरी तिला पटत न्हाई. टिपाड तुझं व्हतं, तूच सांग."

म्हणून सांगतोय, नीट वाच. तू तहानलेल्या जनावरांना पाणी दिलंस. तुझ्या जागी मी असतो, दाजी असते, जानकीबाई असत्या, कुणी बी तेच केलं असतं. ते पाणी नव्हतं हे आख्ख्या छावणीत एकट्या मला ठाऊक व्हतं. तू वाटेत भेटलीस तवा गाडी थांबवून तुला एक शब्द सांगितला असता, तर झालं असतं. मी हात करून पुढं गेलो. तुझ्या दोन्ही गाया मी मारल्या आक्का, जानकीबाईची म्हैस बी मीच मारली. तुझ्या हातानं काही झालं न्हाई. हे मी सभेत सांगितलं तसंच कुठं बी उभा राहून सांगंन, तुझं नाव न घेता.

दाजी उठले, गाडीची वेळ झाली. पाकीट बंद करतो.

आज झोप तू.

तुझा जालिंदर